काळ्या साडीतल्या तेवढ्या सगळ्या

“नाव पुकारलं की पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, गुन्हा कबूल आहे. एक शब्द जास्त बोलायचा नाही.”

टेकाळे वकील आम्हाला परत परत हेच पढवत होते. कबूल केलं की कोर्ट उठेपर्यंत शिक्षा, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथंच बाकड्यावर बसून राहायचं, वर थोडाफार दंड, की घरी जायला मोकळ्या. लोकअदालतीचा दिवस होता. किरकोळ खटले झटपट मिटवायचा दिवस, त्यामुळं कोर्टाच्या व्हरांड्यात बाजारासारखी गर्दी. आम्ही अंगणवाडीच्या दहा-अकरा बाया एका कोपऱ्यात पदर सावरून उभ्या होतो. रोज लेकरांना रांगेत बसवून पाठ म्हणायला लावणाऱ्या आम्ही, आज आम्हालाच कुणीतरी रांगेत उभं करून पाठ देत होतं. आणि खरं सांगते, आम्ही तो गुमान घोकतही होतो. तारखांना येऊन येऊन जीव मेटाकुटीला आला होता.

फक्त शिवलीला घोकत नव्हती.

ती भिंतीला टेकून उभी होती. पोरगी मुळात बोलायला लागली तर थांबायची नाही, पण कोर्टात आली की तिची वाचाच बसायची. माझ्याजवळ सरकून ती हळूच म्हणाली, “मावशी, मी काय कबूल करू? मी तर देवळात चालले होते.”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ती आमच्यातली नव्हतीच. ना अंगणवाडीची, ना मोर्चातली. त्या दिवशी तिनं काळी साडी नेसली होती, एवढंच.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल ढवळेबाईचं वय झालं, काहीही बडबडते.

त्या काळात अंगणवाडीच्या लेकरांसाठी सुकडीची, म्हणजे पौष्टिक पिठाची पाकिटं यायची आणि त्यात आळ्या निघायच्या. पाकीट फोडलं की वळवळ. तक्रारी करून आम्ही थकलो. ठेकेदार कुणाचा तरी जवळचा होता, त्यामुळं साहेब लोक मान हलवायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तसलीच पाकिटं. एकदा माझ्या अंगणवाडीतल्या एका चिमुरडीनं आळी बोटात धरून मला विचारलं, “बाई, ही पण खायची?” तेव्हा माझं डोकंच फिरलं. संघटनेनं ठरवलं, जिल्हा परिषदेवर मोर्चा न्यायचा आणि ती पाकिटं साहेबांच्या फाटकासमोर ओतायची. दिवस ठरला तो नेमका संक्रांतीचा. सरूबाई पांचाळ ही आमची पुढारी. ती म्हणाली, सगळ्या जणी काळ्या साड्या नेसून या, निषेधही होईल आणि सणही होईल. संक्रांतीला काळी साडी कुणाच्या घरात नसते? नवी घ्यायची कटकट नाही. आम्हाला ही युक्ती भलतीच आवडली. त्याच युक्तीनं पुढं आमचा घात केला.

फाटकासमोर आम्ही पाकिटं ओतली, रस्त्यात बसकण मारली आणि घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. जमावबंदीचा हुकूम होता, हे आम्हाला ठाऊक होतं. पोलीस समोर उभे होते. तासभर सगळं ठीक चाललं. मग कुठूनसा एक दगड आला आणि थिटे नावाच्या हवालदाराच्या डोक्यात बसला. रक्त बघून सगळ्यांचीच तंतरली. आम्ही उठून सैरावैरा धावलो, आणि पोलिसांनी दिसेल ती काळी साडी धरून गाडीत कोंबली.

शिवलीला नेमकी तेव्हाच तो रस्ता ओलांडत होती. लग्नानंतरची पहिली संक्रांत. अंगावर काळी चंद्रकळा, गळ्यात, हातात, केसांत हलव्याचे दागिने, हातात सुगडांचं ताट. सासूनं पुढं पाठवलं होतं, मी आलेच मागून म्हणाली होती. सासू मागून आली तेव्हा रस्त्यात फुटलेली सुगडं आणि सांडलेले तीळ. सूनबाईचा पत्ता नाही.

ठाण्यावर आम्हाला एका खोलीत बसवलं, तेव्हा कुठं मी तिला नीट पाहिलं. आम्ही सगळ्या घामाघूम, केस विस्कटलेल्या, आणि मधोमध ही नवी नवरी. आधी मला वाटलं, संघटनेनं कुणी नटी बोलावली की काय. ती हमसून हमसून रडत होती. मी तिला जवळ घेतलं, नाव विचारलं. रडण्याचा भर ओसरल्यावर तिनं गळ्यातला हलव्याचा हार काढला आणि आम्हाला सगळ्यांना दाणे वाटले. आज सण आहे, म्हणाली, तोंड गोड करा. दारावरच्या पोलीसबाईलाही दिले. कुणाच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मी मात्र तो दाणा तसाच मुठीत धरून ठेवला. आमच्यापायी या पोरीची पहिली संक्रांत ठाण्यावर चालली होती, आणि ती आमचंच तोंड गोड करत होती.

संध्याकाळच्या आत तिचे सासरे, गुरुपादप्पा कोरे, धावत आले. कापडाचं दुकान होतं त्यांचं, गावात मान होता. त्यांनी फौजदार सावळ्यांना हात जोडून सगळं सांगितलं. सून आहे माझी, देवळात चालली होती, सण आहे आज. सावळ्यांनी ऐकून घेतलं. अगदी चहासुद्धा पाजला. पण सोडलं नाही. पुढं कागद झाले तेव्हा त्यात लिहिलं होतं, काळी साडी व पांढरे दागिने घातलेली महिला ही मोर्चाची म्होरकी असून तिनंच हवालदार थिटे यांना दगड मारला. बाकी आम्ही तिच्या साथीदार. मला हसावं की रडावं कळेना. सरूबाईला तर राग आला. इतकी वर्षं संघटना मी चालवते, म्हणाली, आणि म्होरकी ही?

जामीन झाला. पण पोलिसाला मारल्याचा खटला काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. शिवलीला शिकलेली, शिक्षिकेचा कोर्स पुरा केलेली. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. मधल्या काळात तिची जिल्हा परिषदेच्या शाळेवर निवड झाली, यादीत नाव वर लागलं, आणि तिथंच अडलं. खटला मिटल्याशिवाय नेमणूक नाही. बरोबरीच्या पोरी शाळांवर रुजू झाल्या, ही घरात भाकऱ्या थापत तारखांची वाट बघत बसली. सासरची माणसं वाईट नव्हती, पण गावाची तोंडं कोण धरणार? आमच्या गल्लीतच एका बाईनं मला विचारलं, ती कोऱ्यांची सून का हो, पोलिसाला मारणारी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच तिला चार शब्द सुनावले, पण मी किती जणांना सुनावणार होते?

म्हणून टेकाळ्यांनी कबुलीचा मार्ग काढला, तेव्हा गुरुपादप्पांनी तो देवाचा कौल मानला. टेकाळे गोड माणूस. कुणाला दुखवणार नाहीत. आमच्याशी गोड, फौजदाराशीही गोड. कबूल केलं की फाईल बंद, फाईल बंद झाली की नेमणुकीचा रस्ता मोकळा, असं त्यांनी ठासून सांगितलं होतं.

“एकदा म्हणून टाक पोरी,” त्या दिवशी व्हरांड्यात गुरुपादप्पा तिला म्हणाले. “आपण आहोत का तसे? नाही ना? मग एक शब्द बोलल्यानं काय होतंय?”

शिवलीलेनं मान खाली घातली आणि हो म्हणाली.

पुकारा झाला. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या, चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या. टेकाळ्यांनी अदबीनं सांगितलं की आरोपी महिला गुन्हा कबूल करू इच्छितात, गरीब आहेत, दया व्हावी. मॅडमनी पहिलं नाव शिवलीलेचं घेतलं, कारण म्होरकी तीच होती ना. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. शिवलीला हात जोडून उभी राहिली. ओठ हलले, आवाज काही फुटेना. मी मागून तिच्या पाठीला हात लावला.

“कबूल...” एवढंच ती म्हणाली आणि थांबली.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलाशी बसलेले सरकारी वकील उठले. बिडवे त्यांचं नाव. उंच, सुकलेला माणूस, कपाळावर कायम आठी. आम्ही बाया त्यांना आपसात कारलं म्हणायचो. टेकाळे आणि ते एकमेकांशी कधी हसून बोललेले आम्ही पाहिले नव्हते.

“सरकार पक्षाची हरकत आहे,” बिडवे म्हणाले. “कर्तव्यावरच्या पोलिसाचं डोकं फुटलंय. असला गुन्हा दंड भरून मिटवता येणार नाही. पुरावा घ्यावा, अशी विनंती आहे.”

मॅडमनी त्यांच्याकडे जरा बघितलं, मग शिवलीलेकडे बघितलं. आरोपी नीट बोललेलीही नाही, असं म्हणाल्या, कबुली नोंदवली नाही आणि पुराव्याची तारीख दिली. झालं. टेकाळ्यांचं तोंड पडलं. दाराशी उभे असलेले फौजदार सावळे चरफडत बाहेर गेले. त्यांना कशाचा राग आला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी माझ्याच रागात होते.

बाहेर आल्यावर गुरुपादप्पा पायरीवर मटकन बसले. मी पदर खोचला आणि बिडव्यांना गाठलं. म्हटलं, साहेब, तुमचं काय घोडं मारलंय आम्ही? सुटत होती पोरगी, ते बघवलं नाही का? तिला जेलात घातल्याशिवाय जेवण जाणार नाही तुम्हाला? आणखी बरंच बोलले. माझी जीभ सुटली की मलाच आवरत नाही. व्हरांडा गोळा झाला. बिडव्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं तुमचं?” ते म्हणाले. “पुढच्या तारखेला साक्षीदार आणतोय. सगळ्या जणी हजर राहा. उशीर करायचा नाही.”

आणि काळा कोट झटकून निघून गेले. असा संताप झाला माझा! त्या रात्री मी भाकरीवर राग काढला, दोन करपवल्या आणि नवऱ्यानं निमूट खाल्ल्या.

पुराव्याची तारीख उन्हाळ्यात पडली. मधल्या काळात शिवलीला पार सुकून गेली होती. टेकाळे आता फारसे बोलत नव्हते. पोलिसानं बोट दाखवून हीच ती असं सांगितलं की संपलं, एवढंच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि पोलीस दुसरं काय सांगणार? मी ते शिवलीलेला सांगितलं नाही. पण पोरगी हुशार, तोंडाकडे बघूनच समजली. कोर्टात शिरताना तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

सकाळी हवालदार थिटे पिंजऱ्यात चढले. साधा माणूस, पोट सुटलेलं, कपाळावर घाम. त्यांनी शपथ घेतली. बिडवे उठले. आता हा माणूस एकेक खिळा ठोकत जाणार, असं मनाशी म्हणून मी डोळे मिटून घेतले.

बिडव्यांनी विचारलं, मोर्चाच्या वेळी तुमचं तोंड कुठं होतं? थिटे म्हणाले, मोर्चाकडे. महिला कुठं होत्या? समोर, रस्त्यात बसलेल्या. जखम कुठं झाली? थिट्यांनी टोपी काढली आणि मान वळवून दाखवली. डोक्याच्या मागच्या बाजूला, टाळूच्या खाली व्रण होता.

मी डोळे उघडले.

“महिला समोर होत्या आणि दगड मागून आला,” बिडवे म्हणाले. “मग मारणारा तुम्ही बघितला का?”

थिट्यांनी दाराकडे पाहिलं. सावळे बाहेर होते, साक्ष होईपर्यंत साक्षीदारांना आत बसू देत नाहीत. थिट्यांनी घाम पुसला. “नाही साहेब.”

“मग फिर्यादीत या मुलीचं वर्णन कसं आलं?”

थिटे अडखळत सांगू लागले. दवाखान्यात टाके घालत होते, डोकं गरगरत होतं, तेव्हा फौजदारसाहेबांनी लिहिलेला कागद पुढं केला, सही कर म्हणाले, मी केली. वाचून दाखवला नाही. टेकाळे खुर्चीत पुढं सरसावले होते आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. हे प्रश्न खरं तर त्यांनी विचारायचे.

“त्या दिवशी सण कुठला होता?” बिडव्यांनी विचारलं.

“संक्रांत, साहेब.”

“तुमच्या घरी बायकोनं कुठल्या रंगाची साडी नेसली होती?”

कोर्टात खसखस पिकली. थिट्यांनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. “काळी, साहेब.”

“मग तिलाही गाडीत घालायचं होतं.”

मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं. त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि खांदे जरा हलत होते. बिडव्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी आवाजही चढवला नाही.

“हवालदार, देवाची शपथ घेतलीय तुम्ही. या महिलांना कशावरून पकडलं?”

थिट्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “हुकूम होता, साहेब. फौजदारसाहेब म्हणाले, काळ्या साडीतल्या तेवढ्या सगळ्या घाला गाडीत. आम्ही घातल्या. ही पोरगी ताट घेऊन चालली होती. मला तेव्हाच वाटलं होतं, ही मोर्चातली नाही. पण डोक्यातून रक्त चाललं होतं, मी काही बोललो नाही.”

शिवलीलेच्या नखांनी माझा तळहात सोलून निघत होता. मला काही जाणवलं नाही. माझे डोळे गळत होते आणि मी ते पुसायचंही विसरले होते.

मग फौजदार सावळे आले. आत काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळं पहिल्यांदा छाती काढून बोलले. बिडव्यांनी त्यांना थोडंच विचारलं. बाकीचं मॅडमनी स्वतः विचारलं.

“ही मुलगी मोर्चात नव्हती, हे तुम्हाला कधी कळलं?”

सावळे म्हणाले, तपासात असं निष्पन्न झालं की... मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. सावळ्यांनी बिडव्यांकडे बघितलं. सरकारी वकील म्हणजे आपला माणूस, तो काहीतरी मदत करील, असं त्यांना वाटलं असणार. बिडवे खिडकीबाहेर बघत होते.

“त्याच संध्याकाळी, मॅडम,” सावळे शेवटी म्हणाले. “सासरे आले तेव्हा.”

“मग तिचं नाव का घातलं?”

“वर फोन झाला होता. मुख्य आरोपी सापडली म्हणून कळवलं होतं. परत कसं सांगायचं, मॅडम?”

एवढ्यासाठी! एकदा फोन केला, आता माघार कशी घ्यायची, एवढ्यासाठी एका पोरीची वर्षं खाल्ली होती. मला वाटलं होतं, काहीतरी मोठा डाव असेल, कुणी ठेकेदारानं पैसे चारले असतील. तसलं काही निघालं असतं तर मला निदान शिव्या तरी मनासारख्या देता आल्या असत्या.

मॅडमनी जेवणाची सुटी जाहीर केली. आम्ही बाहेर आलो तर सरूबाई हसतेय, रडतेय, गुरुपादप्पा भिंतीला हात लावून उभे. शिवलीला नुसती दीर्घ श्वास घेत होती. मी तिला पाणी दिलं आणि बिडव्यांना शोधायला निघाले. ते कोर्टामागच्या कट्ट्यावर एकटेच डबा उघडून बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. मला माफी मागायची सवय नाही.

“साहेब, तेव्हा कबूल होत होतं ते का थांबवलंत?” मी विचारलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “फाईल वाचली होती मी. टाके मागच्या बाजूला. तुम्ही कबूल केलं असतं तर फौजदार या पिंजऱ्यात कधी उभाच राहिला नसता. त्याला तेच हवं होतं.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि मारहाणीची शिक्षा नावावर लागली असती, तर त्या मुलीला कुठल्या शाळेनं घेतलं असतं? तुम्हाला तरी कोण ठेवणार होतं कामावर?”

टेकाळ्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. व्हरांड्यात हात जोडून उभ्या होतो आम्ही सगळ्या, आपणच आपल्या पोटावर पाय द्यायला. मी तिथंच त्यांच्यासमोर खाली बसले.

“हे तेव्हाच सांगितलं असतं तर मी तुम्हाला एवढं बोलले नसते,” मी म्हटलं.

“साक्षीच्या आधी आरोपीला मी असं सांगायचं नसतं. मी सरकारचा वकील आहे, तुमचा नाही.” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. “रस्ता अडवला होता ना तुम्ही?”

“अडवला होता.”

“जमावबंदी माहीत होती?”

“होती.”

“मग ते कलम मी सोडणार नाही,” असं म्हणून ते पुन्हा जेवायला लागले. मला एवढं हसू फुटलं की काय सांगू. किती दिवसांनी हसत होते मी. हा माणूस खरंच कारलं होता, पण कारल्याची भाजी मला त्या दिवसापासून आवडायला लागली, हे नवरा अजून चेष्टेनं सांगतो.

दुपारी पुन्हा कोर्ट भरलं. बिडव्यांनी उभं राहून सांगितलं की मारहाणीचा आरोप सरकार पक्ष सिद्ध करू शकलेला नाही आणि त्यावर आपला आग्रह नाही. एका निरपराध मुलीवर जाणूनबुजून खटला भरल्याबद्दल तपास अधिकाऱ्याची चौकशी व्हावी, हेही त्यांनीच मागितलं. टेकाळे नुसते मान डोलवत राहिले. मग बिडवे म्हणाले, जमावबंदी मोडल्याचं कलम मात्र शिल्लक आहे, त्याबाबत आरोपींना विचारावं.

मॅडम एकेकीचं नाव घेऊ लागल्या. सरूबाई पहिली. जमावबंदीचा हुकूम असताना रस्त्यात बसलात का, असं विचारलं. सरूबाईनं छाती पुढं काढली.

“बसले, मॅडम. आळ्या लेकरांच्या पोटात जात होत्या. पुन्हा गेल्या तर पुन्हा बसेन.”

“पुन्हाचं विचारलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं. मग माझं नाव आलं. मी पण बसले म्हणून सांगितलं. एकामागून एक आम्ही सगळ्या उभ्या राहत होतो आणि सांगत होतो. व्हरांड्यात शिकवलेला पाठ घोकावा लागला होता. आता मात्र शब्द आपसूक येत होते, कारण जे केलं होतं तेच सांगायचं होतं. दंड झाला तर होऊ दे, तो आमचा हक्काचा होता.

“शिवलीला कोरे.”

शिवलीला उठली. मी तिच्या पाठीला हात लावायला गेले, पण ती माझ्यापासून दोन पावलं पुढं जाऊन एकटीच उभी राहिली. हात जोडलेले नव्हते.

“तुम्ही त्या दिवशी मोर्चात होता का?”

“मी नव्हते,” शिवलीला म्हणाली. आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावरच्या माणसांनी मान वर केली. “मी देवळात चालले होते.”

मॅडमनी लेखणी थांबवली. तिच्याकडे बघितलं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कोर्टाला दिलगिरी वाटते. तुम्ही घरी जाऊ शकता.”

शिवलीला हलली नाही. तिला वाटलं असेल, आणखी काही सांगायचं राहिलंय, सही करायचीय, कुठंतरी बसायचंय. पट्टेवाल्यानं हळूच सांगितलं, झालं बाई, जा तुम्ही. तेव्हा ती वळली. मागच्या भिंतीशी गुरुपादप्पा उभे होते. तिला यातून सोडवता आलं नाही म्हणून एवढी वर्षं सुनेच्या नजरेला नजर द्यायची त्यांची छाती झाली नव्हती. त्यांनी बाजूला होऊन तिच्यासाठी दार उघडून धरलं, आणि पोरगी पदर सरळ करून, कुणाकडेही न बघता, भर कोर्टातून सगळ्यांच्या पुढं चालत बाहेर गेली.